यहुदी लोकांचें नाममाहात्म्य

आपल्या भाषेंत 'नांव' या लहानशा शब्दाला किती कामें करावीं लागतात हें पाहण्यासारखें आहे. मुलगा कर्तबगार निघाला तर त्यानें घराण्याचें नांव काढलें असें आपण म्हणतों. वाईट निघाला तर नांव बुडविलें म्हणतों. बारशाच्या दिवशीं आत्या मुलाचें नांव ठेवते, आणि पुढें शेजारीपाजारी त्याच मुलास नांवें ठेवतात! नव्या सुनेनें उखाण्यांत नांव घ्यावें म्हणून मंडळी हट्ट धरतात, आणि एरवीं तेंच नांव तिनें उच्चारूं नये असा दंडक जुन्या घरांत असे. 'नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा' ही म्हण तर सर्वांच्या ओठांवर आहे. नांवाचा आणि माणसाचा कांहीं मेळ असावा अशी आपली आंतून अपेक्षा असते. तो नसला म्हणजे आपल्याला हंसूं येतें.

ही अपेक्षा बहुतेक सर्व समाजांत आढळते. परंतु नांव या वस्तूचा विचार यहुदी लोकांनीं जितक्या आस्थेनें केला, तितका फार थोड्यांनीं केला असेल. याचें कारण त्यांच्या इतिहासांत आहे. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेम घेतलें आणि त्यांचें देवालय जाळलें. तेव्हांपासून १९४८ सालीं इस्राएल राष्ट्राची स्थापना होईपर्यंत या लोकांना स्वतःचें असें राज्य नव्हतें. इतर समाज आपली आठवण किल्ल्यांत, शिलालेखांत, ताम्रपटांत, वतनाच्या जमिनींत जतन करून ठेवतात. ज्यांना देशोदेशीं फिरावें लागलें, त्यांना ही सोय कोठून असणार? बरोबर नेण्याजोगी ठेव दोनच गोष्टींची होती: एक धर्मग्रंथ व दुसरी नांवें. नांव हेंच त्यांचें वतन झालें असें म्हटलें तरी चालेल.

यहुद्यांच्या धर्माचार्यांना रब्बी म्हणतात. धर्मग्रंथावर या रब्बींनीं जीं कथारूप विवरणें केलीं, त्यांना मिद्राश अशी संज्ञा आहे. अशा एका विवरणांत मोठा मार्मिक विचार सांगितला आहे. त्याचा आशय असा, कीं प्रत्येक मनुष्याला तीन नांवें असतात. एक आईबापांनीं ठेवलेलें, दुसरें लोकांनीं दिलेलें आणि तिसरें त्यानें स्वतः कमावलेलें. आणि या तिहींत कमावलेलें नांव श्रेष्ठ होय. आजच्या भाषणांत या तीन नांवांच्या क्रमानें यहुदी इतिहासाकडे पाहण्याचा माझा विचार आहे.

प्रथम आईबापांनीं ठेवलेलें नांव घेऊं. हिब्रू भाषेंत नांवाला 'शेम' म्हणतात. तोरा हा यहुद्यांचा आद्य ग्रंथ. त्याच्या आरंभींच्या कथेंत ईश्वर मातीपासून पहिला मनुष्य घडवितो. मातीला हिब्रूंत 'अदामा' असा शब्द आहे, म्हणून तो मनुष्य 'आदाम'. आपण रोज ज्याचा उपयोग करतों तो 'आदमी' हा शब्द याच आदामापासून निघून फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आला. ईश्वर सर्व पशु व पक्षी या आदामापुढें आणतो आणि त्यांना नांवें देण्याचें काम त्याजकडे सोंपवितो. सृष्टि निर्माण करणें हें ईश्वराचें काम, तिला हांक मारणें हें मनुष्याचें, अशी ही वांटणी आहे.

याच ग्रंथांत पुढें अब्राहामाची कथा येते. त्याचें मूळचें नांव अब्राम व पत्नीचें साराय. दोघेंही म्हातारीं झालेलीं, पोटीं संतान नाहीं. अशा वेळीं ईश्वर त्यांच्याशीं करार करतो, व त्या कराराची खूण म्हणून दोघांचीं नांवें पालटतो. अब्रामाचा अब्राहाम होतो आणि सारायची सारा. हिब्रू लिपींत पाहिलें तर हा सगळा फरक एका अक्षराचा आहे. तुला मूल होईल हें ऐकून सारेला हंसूं आलें, कारण तिचें वय झालें होतें नव्वद. मूल खरोखरच झालें, आणि त्याचें नांव ठेविलें यित्स्हाक, म्हणजे 'तो हंसेल'. मराठी बायबलांत हाच इसहाक होय. आईच्या अविश्वासाचें हंसूं मुलाच्या नांवांत कायमचें राहिलें. पण त्यांतला अविश्वास मात्र निघून गेला.

दुसरी कथा राहेलीची. प्रवासांत वाटेवर तिला प्रसूतिवेदना सुरू झाल्या, आणि मुलाला जन्म देऊन ती गतप्राण झाली. प्राण जातां जातां तिनें मुलाला 'बेन-ओनी', म्हणजे 'माझ्या दुःखाचा पुत्र', असें नांव दिलें. बाप याकोब. त्याचें या स्त्रीवर जिवापाड प्रेम होतें. तरी तिनें ठेवलेलें हें नांव त्यानें चालूं दिलें नाहीं. त्यानें मुलास 'बिन्यामीन' म्हटलें, म्हणजे 'उजव्या हाताचा पुत्र'. आईच्या मरणाचें ओझें मुलानें जन्मभर हांकेहांकेला वाहावें हें त्या बापास बरें वाटलें नसावें. नांव ठेवणारा मुलाच्या पुढील आयुष्याची कांहीं जबाबदारी घेत असतो, हें या छोट्या प्रसंगावरून जितकें स्पष्ट होतें तितकें दुसऱ्या कशानें क्वचितच होईल.

या याकोबाचें स्वतःचें नांवही पालटलें. जन्मतांना त्यानें जुळ्या भावाची टांच धरली होती, म्हणून टांच या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नांव पडलें. पुढें यब्बोक नांवाच्या ओढ्याकांठीं एका अनोळखी पुरुषानें त्याच्याशीं उजाडेपर्यंत झोंबी केली. याकोबाची जांघ उखळली, पण आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाहीं असा त्यानें हट्ट धरला. तेव्हां त्या पुरुषानें त्याला नवें नांव दिलें: 'इस्राएल'. ईश्वराशीं झुंज घेणारा, असा त्याचा अर्थ त्या कथेंतच दिलेला आहे. मग याकोबानें त्याचें नांव विचारलें. परंतु तें त्यानें सांगितलें नाहीं. श्रोत्यांनीं हें इस्राएल नांव लक्षांत ठेवावें. पुढें आपल्याला तें दोनदां भेटणार आहे, आणि दोन्ही वेळां अगदीं निराळ्या वेषांत.

यहुदी घरांत मुलाची सुंता आठव्या दिवशीं होते व त्याच वेळीं नांव ठेवतात. मुलीचें नांव बहुधा प्रार्थनामंदिरांत तोरावाचनाच्या प्रसंगीं जाहीर होतें. नांव कोणाचें ठेवावें याविषयीं दोन चाली आहेत. मध्य व पूर्व युरोपांतील यहुदी, ज्यांना अश्केनाझी म्हणतात, ते दिवंगत आप्ताचें नांव ठेवतात. जिवंत माणसाचें नांव मुलाला देणें त्यांच्यांत अशुभ मानतात. उलट स्पेनमधून १४९२ मध्यें हद्दपार होऊन भूमध्य समुद्राच्या भोंवतीं पसरलेले सेफार्दी लोक हयात आजोबाचें नांव नातवाला देतात, आणि आजोबा तो आपला गौरव समजतो. चाली उलट असल्या तरी हेतु एकच, घराण्यांतलें नांव पुढें चालावें.

घरांत कोणी फार आजारी पडलें तर नांव बदलण्याचा किंवा त्यास जोडनांव देण्याचा प्रघात आहे. तालमूद या महाग्रंथांत मनुष्याविरुद्ध झालेला दैवी निवाडा रद्द करणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. दानधर्म, प्रार्थना, नामांतर व आचरणांतील पालट, अशा त्या चार. म्हणून दुखणेकऱ्यास 'हायिम', म्हणजे 'जीवन', हें नांव जोडतात. युरोपांत एखाद्या नाजुक मुलास 'आल्टर', म्हणजे 'म्हातारा', म्हणत. तान्ह्या पोराला म्हातारा म्हणावयाचें, म्हणजे मृत्यूची फसगत होईल अशी कल्पना! आपल्याकडे मुलें वांचत नसलीं म्हणजे धोंडू, दगडू, केरू, भिकू अशीं नांवें ठेवीत, त्यामागेंही हेंच भय व हीच माया होती. मात्र तालमुदांतील यादींत नामांतराच्या शेजारीं आचरणाचा पालट सांगितला आहे, हें विसरूं नये. नुसतें नांव बदलून भागत नाहीं. नव्या नांवास शोभेल असा मनुष्यही व्हावें लागतें.

माणसाच्या नांवाची ही कथा झाली. मग ईश्वराच्या नांवाची काय वाट? मोशेनें जळत्या झुडुपापाशीं ईश्वरास त्याचें नांव विचारलें, तेव्हां त्याला जें उत्तर मिळालें त्याचा अर्थ पंडित अद्याप लावीत आहेत. असणें, होणें, या अर्थाच्या धातूशीं त्याचा संबंध आहे एवढें खरें. तें नांव चार हिब्रू अक्षरांनीं लिहितात, पण वाचीत नाहींत. वाचतांना त्या जागीं 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभु', असें म्हणतात. आणि रोजच्या बोलण्यांत तर नुसतें 'हा-शेम', 'तें नांव', एवढेंच. देवालय उभें असतां प्रायश्चित्ताच्या महादिवशीं मुख्य याजक तें नांव उच्चारीत असे. देवालय गेलें, आणि त्याबरोबर तो उच्चारही लोपला. वडीलधाऱ्यांचें नांव तोंडानें न घेण्याची आपल्या घरांतील जुनी रीत ज्यांना आठवते, त्यांना या मौनांतला आदर निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

अक्षरांच्या सामर्थ्याविषयींच्या दंतकथाही याच भावनेंतून निघाल्या. प्राग शहराचे रब्बी यहूदा लोव्ह १६०९ मध्यें वारले. त्यांनीं मातीचा एक पुतळा करून त्याला सजीव केलें, अशी गोष्ट सांगतात. तिला त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळानें, एकोणिसाव्या शतकांत, प्रसिद्धि मिळाली. पुतळ्याच्या कपाळीं 'एमेत', म्हणजे सत्य, हा शब्द लिहिला होता. त्यांतलें पहिलें अक्षर पुसलें कीं 'मेत' उरतें, म्हणजे मेलेला. आणि पुतळा पुन्हां माती होई. सत्य आणि मृत्यु यांत एका अक्षराचें अंतर आहे, असा या गोष्टीचा अर्थ कोणी काढला तर तो चूक म्हणतां येणार नाहीं.

ईश्वरनामाच्या आदरांतून इतिहासाला मात्र एक अनपेक्षित देणगी मिळाली. ज्या कागदावर तें नांव असेल तो जाळूं किंवा फेंकूं नये असा यहुद्यांचा नियम आहे. असे जीर्ण कागद प्रार्थनामंदिरांतल्या एका कोठडींत टाकतात. तिला गेनिझा म्हणतात. कैरो येथील बेन एझ्रा मंदिरांत धर्मग्रंथांच्या पानांबरोबर पत्रें, हिशेब, करारनामे असले हिब्रू लिपींतले सर्वच कागद शतकानुशतकें सांचत गेले. १८९६-९७ च्या हिवाळ्यांत केंब्रिजचे पंडित सॉलोमन शेख्टर तेथें गेले व त्या सांठ्याचा मोठा भाग त्यांनीं केंब्रिजला नेला. तेथें आज सुमारें १,९३,००० तुकडे आहेत.

या कागदांत आपल्या देशाचाही संबंध आहे. अब्राहाम बेन यिजू नांवाचा उत्तर आफ्रिकेंतला एक यहुदी व्यापारी बाराव्या शतकांत मंगळूर येथें राहत असे. त्यानें ११३२ सालीं तेथेंच एका दासीला दास्यमुक्त केलें व त्याचा रीतसर लेख करून दिला. तिचें नांव आशू, आणि तिचें नवें हिब्रू नांव बेराखा, म्हणजे 'आशीर्वाद'. त्या काळच्या कितीतरी धनिकांचीं व सरदारांचीं नांवें कोठें राहिलीं नाहींत. पण मलबाराकडच्या एका दासीचीं दोन्ही नांवें नऊशें वर्षांनंतर आपण वाचूं शकतों. ईश्वराचें नांव जपतां जपतां सामान्य माणसांचीं नांवें जपलीं गेलीं.

नांवाची ही कदर केवळ श्रद्धेपुरती नव्हती. ती कायद्यांतही उतरली. यहुदी धर्मशास्त्रांत घटस्फोटाच्या लेखांत पति व पत्नी यांचीं नांवें अचूक असावीं लागतात. परदेशांत निराळें नांव घेऊन राहणाऱ्या नवऱ्यानें तेथूनच लेख पाठविला, तर पुढें त्या बाईच्या मोकळीकीबद्दल शंका निघावयाची. म्हणून इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रब्बान गमलिएल यांनीं ठरवून दिलें, कीं उभयतांना जीं जीं नांवें असतील त्या सर्वांचा लेखांत निर्देश व्हावा. एका स्त्रीचें उरलेलें आयुष्य नांवाच्या एका चुकीवर अडून राहूं नये, एवढी काळजी त्यांत आहे.

आतां दुसऱ्या नांवाकडे, म्हणजे लोकांनीं दिलेल्या नांवाकडे, वळूं. एका मिद्राशांत असें सांगितलें आहे, कीं मिसर देशाच्या दास्यांतून यहुद्यांची सुटका झाली तिचें एक कारण हें, कीं तेथें त्यांनीं आपलीं नांवें बदललीं नाहींत. तोरांतील ज्या भागांत या सुटकेची हकीकत आहे त्याला हिब्रूंत 'शेमोत', म्हणजे 'नांवें', असेंच म्हणतात. परंतु व्यवहारांत परक्या देशीं परकें नांव घ्यावें लागतेंच. एस्तेर राणीचें दुसरें नांव हदस्सा होतें. खुद्द मोशेचें नांव मिसरच्या राजकन्येनें ठेवलेलें होतें. यावर त्या लोकांनीं एक तोड काढली. प्रार्थनेसाठीं व धर्मकृत्यांसाठीं एक हिब्रू नांव, आणि बाजारांत व कचेरींत त्या त्या देशाचें दुसरें. पहिलें अमुक, अमुक्याचा पुत्र, असें चाले. आडनांव बहुतेकांना नसेच.

ही स्थिति अठराव्या शतकाच्या अखेरीस बदलली. सरकारांना कर वसूल करण्यासाठीं, सैन्यांत भरती करण्यासाठीं कायमचीं आडनांवें हवीं होतीं. ऑस्ट्रियाचा बादशहा दुसरा योसेफ यानें १७८७ मध्यें फर्मान काढलें, कीं पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून प्रत्येक यहुदी कुटुंबानें जर्मन आडनांव धारण करावें. नेपोलियननें १८०८ मध्यें व प्रशियानें १८१२ मध्यें असेच हुकूम काढले. मग कोणी धंद्यावरून 'श्नायडर', म्हणजे शिंपी, झाला. कोणी गांवावरून, कोणी डोंगर-दऱ्यांवरून आडनांव घेतलें. पण जुनें नांव सहज सुटत नाहीं. 'काट्झ' हें आडनांव ऐकून जर्मन मनुष्यास मांजर आठवावें. वस्तुतः तीं 'कोहेन त्सेदेक', म्हणजे 'सत्शील याजक', या दोन हिब्रू शब्दांचीं आद्याक्षरें आहेत. सरकारच्या वहींत जर्मन नांव लागलें, आणि आंत याजकाचें कुळ शाबूत राहिलें.

लोकांनीं दिलेल्या नांवाचें उदाहरण पाहण्यास युरोपांत जाण्याचीही आवश्यकता नाहीं. पूर्वीच्या कुलाबा व आतांच्या रायगड जिल्ह्यांत कित्येक शतकें एक यहुदी समाज राहत आला. त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलीबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा आहे. ते तेलाचा घाणा चालवीत व शनिवारीं तो बंद ठेवीत, कारण शनिवार हा त्यांचा विश्रामाचा दिवस. म्हणून गांवकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणूं लागले. हें झालें लोकांनीं दिलेलें नांव. त्यांचें स्वतःचें नांव 'बेने इस्राएल', म्हणजे इस्राएलाचे पुत्र; यब्बोक ओढ्याकांठीं मिळालेलें तेंच नांव कोंकणांत चालत आलें. या समाजांत शमुवेलाचा सामाजी झाला, इसहाकाचा इसाजी. आणि गांवांवरून पेणकर, रोहेकर, केहीमकर, दिवेकर अशीं आडनांवें पडलीं. मराठी 'जी' आणि कोंकणी 'कर' यांच्यामध्यें हजारों वर्षांचें हिब्रू नांव सुखानें नांदलें.

यांपैकीं सामाजी हसाजी दिवेकर हे इंग्रजांच्या फौजेंत अधिकारी होते. १७८०-८४ च्या म्हैसूरच्या युद्धांत ते टिपू सुलतानाच्या हातीं सांपडले. बेने इस्राएल समाजांत परंपरेनें सांगतात, कीं कैद्यांना त्यांची जात विचारली तेव्हां त्यांनीं 'बेने इस्राएल' असें उत्तर दिलें. टिपूच्या आईच्या कानीं तें गेलें. कुराणांत 'बनी इस्राईल' हें नांव पुष्कळदां आलेलें आहे. तेव्हां ज्यांचें नांव आपल्या पवित्र ग्रंथांत आहे त्यांना मारूं नये, असें तिनें मुलास सांगितलें, आणि दिवेकरांचे प्राण वांचले. पुढें १७९६ मध्यें त्यांनीं मुंबईस या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. त्याचें हिब्रू नांव 'दयेचें द्वार'. मुंबईकरांनीं मात्र त्याला 'जुनी मशीद' म्हटलें, आणि जवळच्या मशीद स्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें असें मानतात. हजारों प्रवासी तें नांव रोज ऐकतात, आणि त्यामागें एक यहुदी मंदिर आहे हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें.

या ठिकाणीं इस्राएल या नांवानें प्राण वांचविले. आतां तेंच नांव दुसऱ्या वेषांत पाहावयाचें आहे.

१७ ऑगस्ट १९३८ या दिवशीं जर्मनींतील नाझी सरकारनें एक हुकूम काढला. सरकारनें यहुदी ठरविलेल्या नांवांची एक यादी केली होती. ज्या यहुद्याचें नांव त्या यादींत नसेल, त्यानें १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नांवास दुसरें नांव जोडलें पाहिजे: पुरुष असेल तर 'इस्राएल' आणि स्त्री असेल तर 'सारा'. कागदपत्रांवर व सहींत तें नांव लिहिणें सक्तीचें झालें. जें नांव रात्रभर झुंजून मिळविलें होतें, आणि जें नांव एका वृद्धेला नव्या आयुष्याची खूण म्हणून मिळालें होतें, तींच दोन पवित्र नांवें निवडून त्यांचा डाग म्हणून उपयोग केला. एखाद्याचें नांव हिरावून घेणें हा एक अन्याय. पण त्याच्याच पूर्वजांचें नांव त्याच्या गळ्यांत बेडीसारखें अडकविणें हा त्याहून हीन प्रकार होय.

पुढची पायरी नांव पुसण्याची होती. आउश्विट्झच्या छावणींत कैद्यांच्या हातावर आंकडे गोंदले गेले आणि त्या आंकड्यांनींच त्यांना पुकारलें जाई. ज्यांना गाडींतून उतरवून थेट विषारी वायूच्या कोठड्यांत पाठविलें, त्या म्हाताऱ्यांची, आयांची व लेंकरांची तर छावणीच्या दप्तरांत नोंदही झाली नाहीं. एकंदर सुमारें साठ लाख यहुदी मारले गेले. माझें आयुष्य शाळेंत हजेरी घेण्यांत गेलें आहे. वर्गांत पन्नास नांवें असतात. नांव पुकारलें कीं 'हजर' म्हणून उत्तर येतें, आणि त्या एका शब्दावरून मूल बरें आहे कीं नाहीं हेंही मास्तरास कळतें. नांवाऐवजीं आंकडा पुकारावा अशी कल्पना ज्यांच्या डोक्यांत आली, त्यांना समोर मूल दिसेनासें झालें होतें एवढाच त्याचा अर्थ आहे.

राहिलें तिसरें, कमावलेलें नांव. यहुद्यांच्या एका प्राचीन नीतिग्रंथांत तीन मुकुटांचा उल्लेख आहे: विद्येचा, याजकपणाचा आणि राज्याचा, आणि सुकीर्तीचा मुकुट या तिहींहून वरचा, असा रब्बी शिमोन यांचा अभिप्राय आहे. याजकपण व राज्य जन्मानें मिळेल, सुकीर्ति मात्र ज्याची त्यानेंच मिळवावी लागते. आधुनिक काळीं यहुद्यांनीं नांव निवडण्याचा हा हक्क अक्षरशः बजावला. हिब्रू ही पुन्हां घरोघरची बोली करण्यासाठीं जन्म वेंचणारे एलिएझर बेन-यहूदा यांचें मूळचें आडनांव पेर्लमन. १८८१ मध्यें ते यरुशलेमास गेले व नांवापासूनच त्यांनीं आरंभ केला. इस्राएलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरिओन जन्मानें ग्र्यून होते. सरकारी फर्मानानें आलेलीं आडनांवें अशीं पुष्कळांनीं टाकून दिलीं. परंतु कोंकणांतून तेथें गेलेल्या बेने इस्राएलांपैकीं अनेकांनीं आपलें 'कर' ठेविलें. तें कोणा बादशहानें लादलेलें नव्हतें. शेजाऱ्यांनीं सहज मारलेली ती हांक होती. म्हणून दूर अश्दोद किंवा दिमोना येथें घराच्या दारावर आजही पेणचें किंवा रोह्याचें नांव आढळतें.

पण एक प्रश्न उरतोच. ज्या मुलांना नांव कमावण्याइतकें आयुष्यच मिळालें नाहीं, ज्यांच्या मागें नांव चालविणारें कोणी उरलें नाहीं, त्यांचें काय? यशया या प्रेषिताच्या ग्रंथांत ईश्वराचें एक वचन सांगितलें आहे. तें पुत्रवंतांना दिलेलें नाहीं; ज्यांना संतति होणें शक्य नाहीं अशांना दिलेलें आहे. मी तुम्हांला माझ्या घरांत स्थान व नांव देईन, तें पुत्रांहून व कन्यांहून बरें असेल, असा त्याचा आशय आहे. यांतील 'स्थान व नांव' यांना हिब्रू शब्द आहेत 'याद वा-शेम'. १९५३ मध्यें इस्राएलच्या कायदेमंडळानें स्मारकाची जी संस्था स्थापिली, तिला हेंच नांव दिलें. यरुशलेमच्या पश्चिमेस एका टेकडीवर ती आहे.

तेथें एक नामसंग्रहाचें दालन आहे. मृतांचे आप्त, शेजारी, वर्गसोबती यांनीं एकेका व्यक्तीसाठीं एकेक पत्रक भरून दिलें: नांव, आईबापांचीं नांवें, गांव, धंदा, मृत्यूचें ठिकाण. साठ लाखांपैकीं ४८ लाखांहून अधिक नांवें आतांपर्यंत हातीं लागलीं आहेत. उरलेलीं मिळणें कठीण, कारण पूर्व युरोपांत कित्येक ठिकाणीं सबंध गांवच्या गांव मारला गेला, आणि नांव सांगण्यास कोणी राहिलें नाहीं. तान्हीं मुलें तर पुष्कळदां आजोळच्या माणसांनाच ठाऊक असत, आणि तींही त्यांच्याबरोबरच गेलीं. तरी शोध चालू आहे. दर वर्षीं स्मृतिदिनीं हीं नांवें मोठ्यानें वाचून दाखवितात. उत्तर देणारा कोणी नसतो, हें वाचणाऱ्याला माहीत असतें. तरी तो एकेक नांव स्वच्छ उच्चारतो, क्षणभर थांबतो आणि पुढचें वाचतो.

प्राचीन विवरणकारांनीं तीन नांवें सांगितलीं. पहिलें मिळतें तें मायेनें, दुसरें योगायोगानें किंवा जुलुमानें, तिसरें स्वतःच्या कष्टानें. या लोकांच्या इतिहासानें त्यांत चौथ्याची भर घातली आहे, तें म्हणजे मागें राहिलेल्यांनीं जतन केलेलें नांव. तें ज्याचें त्याला मिळवितां येत नाहीं. तें दुसऱ्यानेंच सांभाळावें लागतें. पहिलीं तीन नांवें हें माणसाचें धन असेल, तर हें चौथें त्याचें आपल्यावरील ऋण आहे. आपल्या घरांतल्या मुलांना आपण पणजोबांचीं नांवें पाठ करावयास लावतों, श्राद्धाच्या दिवशीं तीन पिढ्यांचा उच्चार करतों, त्यांतही याच ऋणाची जाणीव आहे. ज्याचें नांव कोणी तरी नीट उच्चारतें, तो मनुष्य आंकडा होत नाहीं.